‘एक्झॉटिक’ म्हणजे कुणापासून लांब?

प्रश्न नाशिकच्या एका बाईंचा आहे. त्यांची मुलगी इंग्लंडमध्ये राहते, जावई इंग्रज आहेत. मायलेकी फोनवर बोलायला लागल्या की जावई कौतुकाने ऐकत बसतात आणि म्हणतात, तुमची भाषा फार ‘एक्झॉटिक’ वाटते. बाईंनी विचारलंय, याला कौतुक समजायचं की आणखी काही? फ्रेंच किंवा जर्मनबद्दल ते असं कधी बोलत नाहीत. मग मराठीत असं नेमकं काय आहे?

गेली बावीस वर्षं मी पुण्यात इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना मराठी शिकवते. पीएच.डी.साठी आलेले, कंपनीने पाठवलेले, मराठी घरात लग्न करून आलेले, असे सगळे येतात. हा शब्द पहिल्या आठवड्यात मला हटकून ऐकायला मिळतो, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी भाजी. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे एक वेगळा ट्रे असतो. त्यात ब्रोकोली, झुकिनी, लाल-पिवळी सिमला मिरची. त्याला तो ‘एक्झॉटिक’ म्हणतो आणि भाव पाव किलोचा सांगतो, म्हणजे ऐकणाऱ्याला धक्का कमी बसतो. इंग्लंडमधल्या दुकानांत याच नावाच्या फळीवर भेंडी, कारली आणि दुधी असतात. आता भेंडीत एक्झॉटिक काय आहे हे शोधायला ती कितीही बारीक चिरली तरी आत काही सापडणार नाही. शब्द मुळात ग्रीक, अर्थ ‘बाहेरचा’. बाहेर म्हणजे कशाच्या बाहेर, ते बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. भाषेचंही तसंच आहे, पण एवढ्यावर सोडलं तर तुम्ही म्हणाल, बाई प्रश्न टाळतायत. कारण बाहेरच्या सगळ्याच भाषा एक्झॉटिक वाटत नाहीत. डच वाटत नाही, स्वीडिश वाटत नाही. तेव्हा खोलात जाऊ.

पहिला गैरसमज, अवघड भाषा ती एक्झॉटिक. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी संस्था आहे. कोणत्या भाषेला किती आठवडे लागतात याचा अनेक वर्षांच्या अनुभवाचा तक्ता त्यांच्याकडे आहे. स्पॅनिश, स्वीडिश, डच या सोप्या गटात. जपानी, चिनी, कोरियन, अरबी यांना ८८ आठवडे. मधल्या गटांत गंमत आहे. स्वाहिलीला सुमारे ३६ आठवडे लागतात, जर्मनलाही तितकेच, आणि आइसलँडिकला ४४. स्वाहिली रोमन लिपीत लिहितात, लिहितात तशीच उच्चारतात, आणि इंग्रज माणसाला ती आइसलँडिकपेक्षा लवकर येते. तरी लंडनच्या माणसाला विचारा यातली एक्झॉटिक कोणती. तो स्वाहिलीच म्हणेल. म्हणजे कष्टाचा हिशेब इथे चालत नाही.

दुसरा गैरसमज रक्ताच्या नात्याचा. मराठी आणि इंग्रजी एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या, लांबच्या चुलत बहिणी. आपलं ‘नाव’ आणि त्यांचं ‘नेम’, आपले ‘दोन’ आणि त्यांचे ‘टू’ एकाच मुळाचे. फिनिश आणि हंगेरियन या कुळातल्या नाहीतच. पण हेलसिंकी विमानतळावर उतरलेल्या इंग्रजाला परकं वाटलं तरी एक्झॉटिक वाटत नाही, आणि चुलत बहिणीच्या घरी, पुण्यात उतरल्यावर वाटतं. नातं कुणी पाहत नाही.

मग पाहतात काय? बहुतेक वेळा आधी डोळे पाहतात, कान नंतर.

परदेशातल्या भारतीय हॉटेलांच्या पाट्या आठवा. अक्षरं रोमन असतात, पण वर शिरोरेघ मारून ती दोरीवरच्या कपड्यांसारखी टांगलेली असतात. त्यासाठी ‘सामार्कन’ नावाचा टंक, म्हणजे फॉन्ट, फार चालतो. चिनी हॉटेलांवर दिसणारा असाच ब्रशच्या फटकाऱ्यांचा टंक अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या एका फाउंड्रीने १८८३ मध्येच ओतला होता. कुठल्याही चिनी माणसाने तसं कधी लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याला अक्षर कळलं पाहिजे आणि तरी ते परकं दिसलं पाहिजे, एवढीच मागणी.

या धंद्यातला माझा सगळ्यात आवडता नमुना आइस्क्रीमचा आहे. ‘हॅगन-डाझ’ हे नाव ऐकून तुम्हाला डेन्मार्कच्या गाईगुरांची कुरणं दिसत असतील, तर नाव ठेवणारा जिंकला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या रूबेन मॅटस यांनी १९६० च्या सुमारास ते बसल्या जागी तयार केलं. कुठल्याच भाषेत त्याला अर्थ नाही. त्यातल्या एका ‘ए’वर दोन टिंबं आहेत, आणि डॅनिश लिपीत दोन टिंबांचा ‘ए’ मुळी नसतोच. पण अमेरिकन गिऱ्हाइकाला डॅनिश कुठे येत होतं? दोन टिंबांनी काम केलं. वेल्समध्ये हाच खेळ उलट्या बाजूने झाला. अँगल्सी बेटावरच्या एका लहान गावाने १८६० च्या दशकात आपलं नाव मुद्दाम लांबवून रोमन ५८ अक्षरांचं करून घेतलं, कारण रेल्वेने येणारे इंग्रज प्रवासी स्टेशनची पाटी बघायला उतरावेत. उतरतात अजून. फोटो काढतात आणि जातात. वेल्श लोकांनी ओळखलं होतं की शेजारच्या इंग्रजाला आपली भाषा कळणार नाही, पण विकता नक्की येईल.

आणि एक किस्सा खास मराठी वाचकांसाठी. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमने २००० मध्ये हातावर बायकोचं नाव देवनागरीत गोंदवून घेतलं. इंग्रजीत गोंदवणं त्याला थिल्लर वाटलं असतं म्हणे. वर्तमानपत्रांनी लगेच बातमी केली, हिंदी चुकलं, ‘व’ला उगाच ‘ह’ लावलाय! हातावर होतं ‘व्हिक्टोरिया’. आता बोरीबंदरला ज्यांनी आयुष्यभर लोकल पकडली त्यांना विचारा यात काय चुकलं. आपण इंग्रजी ‘व्ही’ असाच लिहितो. त्याच्या हातावर हिंदी चुकली होती आणि मराठी अगदी शुद्ध होती. ते त्या हाताला, गोंदणाऱ्याला आणि छापणाऱ्यांना, कुणालाच ठाऊक नव्हतं. एक्झॉटिक अक्षर वाचायचं नसतंच मुळी, बघायचं असतं.

आता कानाचं. तुमच्या जावयांचं सगळं कानावरच चाललंय, म्हणून इथे थोडं थांबते.

पहिल्या दिवशी मी विद्यार्थ्याच्या तोंडासमोर कागदाची बोटभर रुंद पट्टी धरते आणि म्हणते, म्हणा ‘पाणी’. पट्टी उडते. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ हवेच्या झोताबरोबर बाहेर पडतो, त्यामुळे आपल्या कानाला त्यांचं ‘पाणी’ हे ‘फाणी’च्या वाटेवर गेलेलं ऐकू येतं. मग मी म्हणते, पट्टी न हलवता म्हणा. चाळीस वर्षांचे, दोन पदव्या घेतलेले गृहस्थ कागदाकडे डोळे लावून ‘पाणी, पाणी’ करत बसतात, तहानल्यासारखे. त्यानंतर त, थ, ट, ठ. आपल्याला चार स्वच्छ वेगळी अक्षरं ऐकू येतात, त्यांना एकच ‘टी’ चार मूडमध्ये. आणि मग ‘ळ’. एका मुलाने घरमालकिणीला सांगितलं, “आज मला वेल नाही.” त्या म्हणाल्या, “अरे, मागच्या अंगणात जाईचा आहे की!” दुसरीने सकाळी सांगितलं, “मी केलं खाल्लं.” काय केलं आणि काय खाल्लं, हे कळायला मला तिच्या हातातलं साल बघावं लागलं.

जीभ मागे वळवून काढायचे ट, ड, ण, ळ हे मूर्धन्य आवाज इंग्रजाच्या कानाला भारतीयपणाचा शिक्काच वाटतात. विनोदी मालिकांत भारतीय माणसाची नक्कल करताना तेवढेच वापरतात. अमेरिकेत मार्क ओक्रँड नावाच्या भाषाशास्त्रज्ञावर ‘स्टार ट्रेक’ चित्रपटांतल्या क्लिंगॉन या परग्रहवासीयांसाठी भाषा घडवायचं काम आलं. १९८४ च्या चित्रपटात ती ऐकू आली, पुढच्याच वर्षी तिचा शब्दकोश निघाला. या पृथ्वीवरची वाटता कामा नये, अशा भाषेत त्यांनी काय घातलं? घशातले काही आवाज, वाक्यात कर्म आधी आणि कर्ता शेवटी, आणि मूर्धन्य ‘ड’! आपला डबा, डोकं, वडा यातला. शिवाय ‘ड’ मूर्धन्य ठेवला पण जोडीचा ‘ट’ मूर्धन्य ठेवला नाही, मुद्दाम विचित्र वाटावं म्हणून. असं अर्धवट आपल्या वर्णमालेत कुणी खपवून घेतलं नसतं. ओक्रँड यांचा अभ्यास अमेरिकेतल्या आदिवासी भाषांचा होता, ते काय करतायत हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांना जगावेगळं असायचं नव्हतं, प्रेक्षकांच्या इंग्रजीवेगळं असायचं होतं. परग्रह तिथूनच सुरू होतो.

मग मी वर्गात स्वीडिश काढते. मला ती बोलता येत नाही, पण हे दाखवण्यापुरती येते. स्वीडिशमध्ये ‘र’नंतर ‘ट’ किंवा ‘ड’ आला की बऱ्याच भागांत जीभ आपल्यासारखीच मागे वळते आणि स्वच्छ मूर्धन्य आवाज निघतो. शिवाय तिच्यात सूर आहेत. ‘आंदेन’ हा शब्द एका सुरात म्हटला की बदक, दुसऱ्या सुरात म्हटला की आत्मा. सुरांनी अर्थ बदलणं हे तर थाई आणि चिनी भाषांच्या एक्झॉटिकपणाचं पहिलं कारण म्हणून सांगतात. म्हणजे स्वीडिशपाशी मूर्धन्य आवाजही आहेत आणि सूरही. आणि इंग्रजी माणसाला स्वीडिश ऐकून काय आठवतं? ‘आयकिया’च्या दुकानातल्या कपाटाचे स्क्रू. त्याच आवाजांना कुणी धूप-चंदनाचा वास लावत नाही. माझ्या बावीस वर्षांच्या अनुभवात यापेक्षा चांगला पुरावा मला मिळालेला नाही: आवाज तोच, पण त्यामागे कुठला देश दिसतो त्यावर कान ठरवतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेत जीभ टाळूवरून सोडवून काढलेले टकटक आवाज व्यंजनं म्हणून येतात. एक्झॉटिक भाषांच्या कुठल्याही गप्पांत त्यांचा नंबर वरचा. आता तुमच्यासमोर कुणी सांगितलं की शेजारच्या पोराचा पाय मोडला, तर तुम्ही काय आवाज काढाल? ‘च्च् च्च्’. तो आवाज खोसातलं एक व्यंजनच आहे. इंग्रजही हळहळताना तोच काढतात. बैलाला किंवा घोड्याला हाकताना गालाच्या कडेने जो काढतात तो खोसातला दुसरा. जगातला सगळ्यात एक्झॉटिक समजला जाणारा आवाज प्रत्येकाच्या घरात राहतोय, फक्त वर्णमालेच्या रेशनकार्डावर त्याचं नाव नाही.

गोड आणि कर्कश हा भेदही इथे येतो. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टोल्किन यांनी आपल्या कथांतल्या देखण्या, दीर्घायुषी एल्फ लोकांच्या दोन भाषा बेतल्या फिनिश आणि वेल्श यांच्या वळणावर. त्यांना त्या भाषांचं खरोखरच वेड होतं आणि तो माणूस या विषयातला पक्का होता, त्यामुळे तक्रार नाही. पण भरपूर स्वर आणि मऊ व्यंजनं म्हणजे सुंदर, घशातले आवाज म्हणजे राक्षसी, हा साचा इंग्रजी कानात किती घट्ट बसलाय ते त्यानंतरच्या नकलांवरून दिसतं. हवाईच्या भाषेत उणीपुरी आठ व्यंजनं आहेत, म्हणून ती लाटांसारखी ऐकू येते असं पर्यटन कंपन्या सांगतात. अरबीतही लाटांवर कविता आहेतच की. (हवाईयन ‘विकी-विकी’ म्हणजे लवकर-लवकर. होनोलुलू विमानतळावरच्या बसचं ते नाव वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरना आवडलं, आणि १९९५ मध्ये त्यांनी ते आपल्या संकेतस्थळाला दिलं. विकिपीडियातलं ‘विकी’ तिथलं. आपल्या ‘पटपट’, ‘भराभर’ला असा भाव अजून आलेला नाही.)

आता व्याकरण. इथे माझा थोडा राग आहे, तो आधीच कबूल करते.

दुसऱ्या आठवड्यात ‘मला भूक लागली’, ‘मला आंबा आवडतो’ ही वाक्यं येतात. कर्ता ‘मी’ नाही, ‘मला’ आहे. दर तुकडीत कुणीतरी वहीवरून डोळे उचलतं आणि हळुवार आवाजात म्हणतं, “म्हणजे तुमच्याकडे माणूस इच्छा करत नाही, इच्छा माणसाकडे येते! हे किती पौर्वात्य आहे.” एकाने तर यावरून मला अहंकाराचा त्याग समजावून सांगितला. मी विचारलं, शाळेत स्पॅनिश घेतलं होतं का? होतं, चार वर्षं. स्पॅनिशमध्ये ‘मला आवडतं’ कसं म्हणतात? ‘मे गुस्ता’. म्हणजे? म्हणजे... ‘मला आवडतं’. अगदी तीच रचना. चार वर्षांत त्याला माद्रिदच्या लोकांचा अहंकार गळालेला दिसला नव्हता. जुन्या इंग्रजीतही हेच होतं, ‘मीथिंक्स’ हे त्याचं शिल्लक राहिलेलं शेपूट: ‘मला वाटतं’. स्पॅनिशमध्ये जे व्याकरण असतं ते मराठीत आलं की तत्त्वज्ञान होतं.

असंच फ्रेंच आकड्यांचं. फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणजे ‘चार वीस’, नव्वद म्हणजे ‘चार वीस दहा’. न्यू गिनीतल्या एखाद्या जमातीने असं मोजलं असतं तर आदिम गणितबुद्धीवर लेख आले असते. पॅरिसमध्ये मोजतात म्हणून ती मोहक सवय. आपल्याकडे म्हाताऱ्या बायका ‘चार विसा’ म्हणत, हे मी वर्गात सांगते तेव्हा मात्र वह्या निघतात.

सगळ्यात गंमत येते ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यात. इंग्रजीत दोघांना मिळून एकच ‘वी’. एक मुलगा तास संपल्यावर दारात उभा राहून हसतमुखाने म्हणाला, “बाई, आम्ही जेवायला जातोय.” मी म्हटलं, “जा की, सावकाश या.” तो तसाच उभा. मी पुस्तकं आवरली, तरी उभा. शेवटी त्याच्या मैत्रिणीने इंग्रजीत सांगितलं की तो मला जेवायला बोलावतोय. ‘आपण’ म्हणाला असता तर त्या दिवशी मला फुकटची मिसळ मिळाली असती. त्यालाही वाटलं हे काहीतरी फार दुर्मीळ आहे. नाही. तमिळमध्ये आहे, मलयमध्ये आहे, गुजरातीत आहे. पापुआ न्यू गिनीतल्या टोक पिसिन भाषेत तर इंग्रजीच शब्द जोडून हा भेद केलाय: ‘युमी’, म्हणजे तू आणि मी मिळून आपण, आणि ‘मिपेला’, म्हणजे तू सोडून आम्ही. इंग्रजीला शब्दांचा तोटा नव्हता, गरज वाटली नाही इतकंच.

आणि विचित्रच बघायचं तर इंग्रजीला कशाला सोडायचं? हो-नाहीचा प्रश्न विचारायला वाक्यातले शब्द उलटे लावणं जगातल्या मूठभर भाषाच करतात, त्याही बहुतेक युरोपातल्या. त्यात ‘डू’ नावाचं बुजगावणं मध्ये उभं करणं आणखी विरळ. दातांत जीभ धरून काढायचे त्यांचे दोन आवाज, ‘थिंक’ आणि ‘दिस’मधले, बहुतेक भाषांत नाहीत. क्रियापद शेवटी ठेवणं मात्र जगात सगळ्यात जास्त आढळतं. पाहणी झालेल्या भाषांपैकी सुमारे चाळीस टक्के कर्ता-कर्म-क्रियापद अशाच चालतात. ‘मी आंबा खातो’ हा जगाचा रहदारीचा रस्ता आहे. वर्गात हे सांगितलं की थोडी शांतता पसरते.

पण लिपी, आवाज, व्याकरण या तिन्हींपेक्षा जड असते ती भाषेबद्दल आधी ऐकलेली गोष्ट. एस्किमोंच्या भाषेत बर्फाला पन्नास शब्द असतात, हे तुम्हीही ऐकलं असेल. १९११ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी एका पुस्तकात चार शब्द दिले होते: जमिनीवरचा बर्फ, पडणारा, वाऱ्याने उडणारा आणि साठलेला ढीग. मुद्दा साधा होता, की वेगवेगळ्या भाषा वेगवेगळ्या ठिकाणी शब्द तोडतात. १९४० मध्ये भाषा-अभ्यासक बेंजामिन ली व्होर्फ यांनी लेखात चाराचे थोडे वाढवले, मग वर्तमानपत्रांनी पन्नास केले, शंभर केले. १९८६ मध्ये लॉरा मार्टिन यांनी हा माग काढून छापला, तरी आकडा जिवंत आहे. व्होर्फ यांनीच असंही मांडलं होतं की अमेरिकेतल्या होपी लोकांच्या भाषेत काळाची कल्पना आपल्यासारखी नाही. १९८३ मध्ये एकेहार्ट मालोत्की यांनी होपीतल्या काळवाचक शब्दांवर सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ काढला. सहाशे पानांनी ती गोष्ट गेली असं वाटत असेल तर तुम्ही फार आशावादी आहात.

माझ्या वर्गात याची मराठी आवृत्ती पावसाळ्यात निघते. भुरभुर, रिमझिम, पिरपिर, सर, झड, संततधार, वळीव, मुसळधार. वहीत यादी वाढत जाते आणि कुणीतरी म्हणतं, पावसाशी तुमचं किती खोल नातं आहे! मग मी म्हणते, आता तुमच्या भाषेतले सांगा. ड्रिझल, शॉवर, डाउनपोर, स्लीट... इंग्लंडचा कुणी असला तर तो थांबतच नाही. नातं असेल तर दोघांचंही आहे, आणि पुण्यात ते मुख्यतः ओल्या चपलांशी आहे.

तुम्ही म्हणाल, आपण तरी कुठे वेगळे आहोत? नाहीच आहोत. ‘कानडीने केला मऱ्हाटा भ्रतार, एकाचें उत्तर एका न ये’ हे तुकोबांचं. जुन्या मराठीत ‘कानडे’ हा शब्द दुर्बोध, न कळणारं या अर्थाने येतो, आणि ‘कानडा हो विठ्ठलु’मधला कानडा कर्नाटकातला की कळण्यापलीकडचा, यावर चर्चा चालूच असते. शेजारच्या, रोजच्या व्यवहारातल्या भाषेचं नाव आपण ‘अगम्य’ला दिलं. आणि आजच्या नव्या इमारतींची नावं बघा. एकाही रहिवाशाला इटालियन येत नाही, पण गेटवर इटालियन. तिथे आपण त्या आइस्क्रीमच्या गिऱ्हाइकासारखेच दोन टिंबं विकत घेतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, कौतुक की आणखी काही. माझ्या मते जावयांनी मनापासून म्हटलंय आणि ते दूरवरूनच म्हटलंय, दोन्ही खरं. रागावू नका, पण भाळूही नका. घरात मराठी आठवडाभर कानावर पडून ती अजून संगीतासारखीच वाटत असेल, तर त्यातला एकही शब्द सुटा होऊन त्यांच्यापर्यंत पोचलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या वेळी त्यांना विचारा, “कुठला शब्द?” एखादा पकडता आला तर त्याच दिवशी शिकवा. आवाजाचं म्हणाल तर ‘केळं’पासून सुरुवात करा, साल हातात ठेवून.

एका इंग्रजाने हे चारशे वर्षांपूर्वी केलं होतं. विल्टशरचा जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला. १५८३ मध्ये त्याने भावाला पाठवलेल्या पत्रात इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं लिहिलं, म्हणजे त्याला आधी ओळखीचं दिसलं आणि नवल मागाहून. १६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण हे मराठी काव्य छापून झालं. त्यात मराठीची थोरवी गाताना त्याने उपमा घेतल्या त्या मोगरीच्या, कस्तुरीच्या, मोराच्या. इंग्लंडातला गुलाब त्याला आठवलाच नाही, किंवा आठवला तरी इथल्या ऐकणाऱ्याला तो एक्झॉटिक वाटेल हे त्याला कळलं असावं.

माझ्या वर्गात ‘एक्झॉटिक’ हा शब्द साधारण चौथ्या महिन्यात मरतो. तारीख सांगता येत नाही, पण लक्षणं ठरलेली आहेत. गेल्या वर्षीची एक मुलगी, जी पहिल्या दिवशी देवनागरीला ‘नक्षी’ म्हणाली होती, पावसात भिजून अर्धा तास उशिरा आली, छत्री आपटली आणि म्हणाली, “रिक्षावाला नाही म्हणाला, बस भरलेली, आणि तुमचं हे ‘चा-ची-चे’ मला मुळीच जमत नाहीये. वैताग आहे नुसता!” ‘मुळीच’मधला ‘ळ’ बरोबर पडला होता. मी काही बोलले नाही, चहा ठेवला.